साहेब दौऱ्यावर आहेत

ही गोष्ट खरी आहे याचा कागदी पुरावा माझ्याजवळ होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, अड्याळच्या घरी, मी तो माझ्या हाताने आईच्या चुलीत घातला. त्यामुळे आता फक्त माझा शब्द उरला आहे. आणि माझ्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हाला वाचता वाचता कळेलच.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात.

ही दुपारची आहे. भर उन्हातली.

माझं नाव तेजराम. पवनीला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वय साठीच्या पुढे. दारू कधी घेतली नाही, गांजा कसा दिसतो ते माहीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलं की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

मी सोळा वर्षांचा असताना दिल्लीला संसदेत कामाला होतो.

हसू नका. खरंच होतो. कागदावर वय अठरा लावलं होतं, एवढंच.

भोजराजभाऊ आमच्या जिल्ह्यातले, आंबागडकडचे. दिल्लीत एका खासदाराचे पी.ए. होते. खासदार आमच्या भागातले नव्हते, फार दूरचे होते. त्यांचं नाव मी घेत नाही. भोजराजभाऊंनी वडिलांना शब्द दिला आणि मला घेऊन गेले.

काम सोपं होतं. अधिवेशन चालू असलं की संसदेत चिठ्ठ्या पोहोचवायच्या. भेटायला आलेला माणूस बाहेर रिसेप्शनवर एक छोटी चिठ्ठी भरतो. नाव, गाव, काम. तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो. पांढरा ड्रेस घातलेली आम्ही पोरं ती चिठ्ठी घेऊन लॉबीत जायचो आणि खासदाराच्या हातात द्यायचो. खासदार हो म्हणाले तर माणूस आत.

नाही म्हणाले तर... आम्ही बाहेर येऊन सांगायचो, साहेब दौऱ्यावर आहेत.

हे वाक्य भोजराजभाऊंनी मला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलं होतं.

राहायला साहेबांच्या फ्लॅटच्या मागे नोकरांची खोली. सकाळी दूध आणायचं, बूट पुसायचे, फायली लावायच्या. साडेदहाला ड्रेस चढवून संसदेत. संध्याकाळी पुन्हा घरकाम.

"दोन अधिवेशनं नीट काढ," भोजराजभाऊ म्हणाले होते. "मंग तुले परमनंट करून देतो. संसदेत परमनंट! समजते का तुले?"

मला समजत होतं. आमच्या गल्लीत तोवर कोणीच परमनंट नव्हतं. मी घरी कार्ड टाकलं तेव्हा वडिलांनी ते गल्लीभर वाचून दाखवलं.

तिथेच सगळं बिघडलं.

कारण ते कार्ड डोमाकाकांनीही ऐकलं.

डोमाकाका आमच्याच गल्लीतले. धानाच्या गिरणीत हमाली करायचे. मी दिल्लीला निघालो त्या दिवशी माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ते एस.टी.पर्यंत आले होते. तेव्हाच वाटेत दोनदा थांबले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "काई नाई बाबू, दम लागते थोडा."

एप्रिल महिन्यात एका सकाळी दूध घेऊन परत येतो तर फाटकापाशी डोमाकाका उभे!

"जयभीम, बाबू."

धोतर मळलेलं, हातात थैली. थैलीत माझ्यासाठी लाखोरीच्या डाळीचे वडे. मला एवढा आनंद झाला की मी रस्त्यावरच त्यांच्या पाया पडलो.

फाटकापासून माझ्या खोलीपर्यंत चाळीस पावलं असतील. ते चार पावलं चालायचे आणि थांबायचे. चार पावलं... थांबायचे. मला तो आवाज नीट लक्षात आहे, कारण त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि टाच फरशीवर आपटत होती.

"नागपूरच्या डॉक्टरनं लिहून देलं," ते सांगू लागले. "दिल्लीच्या मोठ्या दवाखान्यात छातीची झडप बदलाव लागते. तिथं गेलो त म्हणतेत खाट नाई, पाच महिन्यानं या. एकानं सांगतलं, खासदाराची चिठ्ठी आन, खाट आजच भेटते. म्हटलं, आपला तेजराम त खासदाराकडंच हाय!"

मला वाटलं, हे तर माझ्या हातातलं काम आहे.

आणि खरोखरच हातातलं होतं. साहेबांच्या टेबलाच्या खणात कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा असायचा. खाली सही आधीच केलेली. कोणाला गरज पडली की भोजराजभाऊ वर दोन ओळी टाइप करायचे, झालं काम. खणाची किल्ली माझ्या कमरेला असायची.

मी भोजराजभाऊंना सांगितलं.

"आपल्या मतदारसंघातला हाय का थो?" त्यांनी विचारलं.

"नाई भाऊ. आमच्या गल्लीतला हाय."

"मंग साहेब दौऱ्यावर हायेत."

"पन भाऊ, त्याइची छाती..."

"आज तुया एक काका येईन, उद्या दहा येतीन. तुले परमनंट व्हाचं हाय का नाई?"

आतल्या खोलीत साहेब रेडिओ ऐकत होते. मी बाहेर आलो. डोमाकाका पायरीवर बसले होते. मी त्यांना ते वाक्य सांगितलं.

तीन दिवस सांगितलं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मलाच राहवलं नाही. मी त्यांना संसदेच्या रिसेप्शनवर घेऊन गेलो. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठी मी भरली. नाव डोमा. गाव अड्याळ, जिल्हा भंडारा. काम दवाखान्याची चिठ्ठी. मी डावखुरा आहे, माझं अक्षर मागे झुकतं. ती झुकलेली चिठ्ठी मी स्वतः लॉबीत साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी ती वाचली. कोणाशी तरी बोलणं चालू होतं. बोलता बोलता त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात परत ठेवली, आणि मान नुसती एकदा हलवली.

मी बाहेर आलो. तोंड उघडलं आणि तेच वाक्य बाहेर पडलं.

"काका, साहेब दौऱ्यावर आहेत."

डोमाकाकांना राग आला नाही. समोर बाबासाहेबांचा पुतळा दिसत होता. त्याच्याकडे हात जोडून ते म्हणाले, "ज्या घरात बाबासाहेब बसले त्या घरातला पोरगा तू. तू सांगतलं म्हंजे खरंच हाय. मी घरी जातो. साहेब आले का कार्ड टाकजो. मी वाट पायत बसतो."

त्याच संध्याकाळी ते गाडीत बसले.

ते गेल्यावर मी खण उघडला. एक लेटरहेड बाहेर काढलं. सहीकडे बघत बराच वेळ उभा राहिलो.

आणि परत ठेवलं.

परमनंट व्हायचं होतं ना मला.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. मी रिसेप्शनवरून चिठ्ठ्या उचलल्या. सहा-सात होत्या. चालता चालता चाळू लागलो...

चौथी चिठ्ठी माझ्या अक्षरात होती.

नाव डोमा. गाव अड्याळ, जिल्हा भंडारा. काम दवाखान्याची चिठ्ठी.

मला वाटलं कालचीच राहिली असेल. म्हणून शिक्का बघितला.

तारीख त्याच दिवशीची होती. शुक्रवारची.

मी धावत परत आलो. काउंटरवरच्या बाबूला विचारलं, हा माणूस कुठे आहे? त्याने मान वर न करताच बाकाकडे बोट दाखवलं. "अभी तो यहीं बैठा था."

बाक रिकामं होतं.

मला वाटलं, गाडी चुकली असेल. किंवा गेलेच नसतील. त्या शुक्रवारी मी संसदेबाहेर त्यांना सगळीकडे शोधलं. झाडाखाली, नळापाशी, बसथांब्यावर. कुठेच नव्हते.

संध्याकाळी लॉबीबाहेरच्या लांब वऱ्हांड्यातून परत येत होतो. सभागृह उठलं होतं. मागून पावलं वाजली.

चार पावलं...

थांबणं.

चार पावलं...

वळून पाहिलं. एक झाडूवाला होता, तोही पार दुसऱ्या टोकाला. अनवाणी.

सोमवारी चिठ्ठी आली. मंगळवारी आली. शिक्का रोज नवा, अक्षर माझं. मी त्या कोणालाही न दाखवता खिशात घालत होतो.

बुधवारी वडिलांचं कार्ड आलं.

'डोमा गाडीत गेला. गुरुवारी रात्रीच गेला. रेल्वेवाल्यांनी वाटेत उतरवून ठेवलं होतं. रविवारी गावात आणून माती दिली. तू त्याच्यासाठी खूब धावपळ केली असशील. त्याच्या बायकोला, मालनबाईंना, फार आधार वाटला.'

गुरुवारी रात्रीच...

मी खोलीवरच कार्ड हातात धरून उभा होतो तेवढ्यात अकरा वाजले. त्या दिवशीची चिठ्ठी माझ्या हाती लागली नाही. दुसऱ्या पोराने उचलली आणि थेट साहेबांच्या हातात दिली.

संध्याकाळी भोजराजभाऊंनी मला बोलावलं. टेबलावर चिठ्ठी ठेवली. शेजारी माझ्या हिशेबाची दूधवही.

"हे अक्षर कोनाचं?"

"मायंच हाय भाऊ, पन मी लिवलं नाई."

मी वडिलांचं कार्ड पुढे केलं. माणूस मेला आहे, हे सांगितलं. खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या, शिक्क्यांच्या तारखा दाखवल्या. मला वाटलं होतं, आपल्या जिल्ह्याचा माणूस आहे, निदान दोन शब्द तरी बोलेल.

ते एवढंच म्हणाले, "मेलेल्याच्या नावानं चिठ्ठ्या लिवून साहेबाइले तरास देतं? पेटी बांध."

मी रडलो. दोन अधिवेशनांची आठवण दिली, परमनंटची आठवण दिली. तेव्हा दारातून एक पोरगा आत आला. नवा कोरा पांढरा ड्रेस. भोजराजभाऊंचा पुतण्या. त्याची परमनंटची ऑर्डर निघून दहा दिवस झाले होते.

दहा दिवस. म्हणजे डोमाकाका फाटकापाशी उभे राहिले त्याच्याही आधी माझी जागा गेलेली होती. ज्या नोकरीसाठी मी तो खण परत बंद केला, ती नोकरी तेव्हा नव्हतीच.

भोजराजभाऊंना हे माहीत होतं. तरी मला विचारत होते, परमनंट व्हायचं आहे का नाही.

टेबलावरच्या चिठ्ठ्या त्यांनी तिथेच फाडल्या. एक माझ्या मुठीत राहिली होती. तीच मी पुढे चुलीत घातली.

गावी लगेच तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. नागपूरला एका चुलत मामाकडे महिनाभर काढला. कारध्याचा पूल ओलांडून एस.टी.ने अड्याळला उतरलो तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, लागला होता. दुपारी बाराचं ऊन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

आमच्या घराच्या आधी डोमाकाकांचं घर लागतं. मी मान खाली घालून पुढे जात होतो.

"आला का, तेजराम?"

मालनकाकू छपरीत, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसल्या होत्या. त्यांची मुलगी पंचफुला आत निजली होती. छपरीत डोमाकाकांची खाट टाकलेली होती. खाटेवर धुतलेली वाकळ, पायथ्याशी पाण्याचा लोटा.

मी पाया पडलो आणि टेकायला म्हणून खाटेकडे सरकलो.

"तिथं नोको बसू," काकू शांतपणे म्हणाल्या. "थे बसले हायेत."

मला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं.

"मातीवरून लोकं परत गेले आन थे येऊन बसले," त्या सांगू लागल्या. भाजी काय आणली सांगावं इतक्या साधेपणाने. "मी पयले भेली. मंग सवय झाली. सांगतेत, तेजराम मायासाठी लय फिरला. साहेबच नोहते त थो तरी का करन? साहेब आले का पोरगा कार्ड टाकते म्हणतेत. म्हणून बसून राहिले."

एकच माणूस दिल्लीत बाकावर आणि अड्याळात खाटेवर कसा, ते मला विचारू नका. मला माहीत नाही.

काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग? आले का गा तुये साहेब?"

त्या क्षणी मी खरं सांगू शकलो असतो. आजूबाजूला कोणी नव्हतं. भोजराजभाऊ नव्हते, नोकरी नव्हती, गमवायला काहीच उरलं नव्हतं. सगळ्यांनी मला फसवलं होतं आणि मी कोणाचंच काही लागत नव्हतो.

तरी तोंडातून काय निघालं?

"नाई काकू. साहेब अजून दौऱ्यावरच हायेत."

खाट करकरली.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. उठायला निघालेला माणूस परत टेकतो तेव्हा खाट जशी दबते... तशी मधोमध दबली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी घराकडे पळालो. चार दिवस तापाने फणफणलो. आईला वाटलं ऊन लागलं.

पुढची आठ वर्षं मी त्याच गल्लीत राहिलो. किराणा दुकानात वजनं केली, टायपिंग शिकलो, लग्न झालं. आठवड्यातून एकदा तरी मालनकाकू दिसायच्याच. दिसल्या की विचारायच्या, "आले का गा साहेब?" आणि मी म्हणायचो, "नाई काकू." मधल्या काळात लोकसभा बरखास्त झाली, साहेब निवडणुकीत पडले, कायमचे आपल्या गावी जाऊन बसले. मी पेपरात वाचलं होतं. तरी माझे साहेब दौऱ्यावरच.

त्या खाटेवर काकूंनी कोणाला बसू दिलं नाही. तिची दोरी मात्र दरवर्षी सैल व्हायची. पंचफुला दर उन्हाळ्यात ती ताणून बांधायची. एकदा मला म्हणाली, "काहून सैल होते भाऊ, समजतच नाई. कोनी निजत त नाई."

शहाऐंशी साली, धान कापणीच्या दिवसांत, पंचफुला मला बोलवायला आली. "आई तुले बोलवून राहिली. तिचं काई खरं नाई."

दुपारची वेळ. सगळी वस्ती शेतावर. पंचफुला मला दारापर्यंत सोडून डॉक्टरला आणायला गेली.

मालनकाकू आतल्या खोलीत जमिनीवर निजल्या होत्या. दाराकडे तोंड. मी त्यांच्यासमोर बसलो, माझी पाठ दाराकडे होती. छपरीतली खाट माझ्या मागे, दाराच्या पलीकडे.

"तेजराम," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "मी चालली. आता तरी खरं सांग. साहेब होते का घरी?"

आठ वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघत होतो असं वाटलं. त्यांनी तो कधी असा विचारलाच नव्हता.

मी सांगितलं. सगळं. रेडिओ ऐकत बसलेले साहेब. मान हलवणारे साहेब. खण, किल्ली, सहीचा कागद. कागद बाहेर काढला होता आणि परत ठेवला, हेही सांगितलं. सांगताना मी लहान पोरासारखा रडत होतो. मला वाटलं, काकू शिव्या देतील. किंवा डोक्यावर हात ठेवतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं मला.

काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या.

त्या माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होत्या.

"आयकलं का?" त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "आठ साल झाले मी सांगून राहिली, पोरगा खोटं बोलते. आन तुमी मायाशी भांडत होते. म्हणत होते, आपला तेजराम खोटं बोलत नाई. आता आयकलं ना त्याच्याच तोंडून?"

मागे काहीच आवाज नव्हता. श्वासाचासुद्धा नाही. पण पाठीवर दाराचं ऊन पडत होतं, ते अचानक पडेनासं झालं. कोणीतरी दारात उभं होतं.

काकू दाराकडे कान देऊन राहिल्या. समोरचा बोलत असला की आपण ऐकतो तशा.

"काय म्हणतेत?" मी कसंबसं विचारलं.

"काई नाई म्हणत."

"रागावले का?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"चालले थे," त्या म्हणाल्या. "मायासाठी बी नाई थांबले."

पाठीवर पुन्हा ऊन पडलं.

मालनकाकू तिसऱ्या दिवशी वारल्या. पंचफुलाने ती खाट नंतर घरात घेतली, तिच्यावर आता तिची नातवंडं निजतात. दोरी सैल झाल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही. मला कधी स्वप्न पडलं नाही, पावलं वाजली नाहीत, काहीच झालं नाही. बायको म्हणते, मग झालं ना, सुटले डोमाकाका.

मला तसं वाटत नाही.

भोजराजभाऊंनी मला फसवलं, त्याचा राग अजून आहे. पण मला निदान कळलं तरी त्याच आठवड्यात. डोमाकाका मेल्यावरसुद्धा आठ वर्षं, ऊन-पावसात, माझ्या बाजूने बायकोशी भांडत बसले होते. जगात माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कोणीच ठेवला नाही.

ते कुठे गेले, मला माहीत नाही. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी दाराकडे तोंड करून बसतो. एकदा तरी यावं त्यांनी. शिव्या द्यायला का होईना, यावं.

त्या दिवशी दारात उभे होते तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही.